खून केला की केलं?

माझ्या सासूबाईंना सगळी गल्ली तोंडावर काकू म्हणायची आणि पाठ वळली की सीआयडी. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. दुपारची भांडी आवरली की लायब्ररीतून आणलेली रहस्यकथा घेऊन त्या ओसरीत पाय पसरून बसत. अर्धं पुस्तक झालं की ते मिटून मला सांगून टाकत, "नोकर नाही वं, डाक्टर आहे खुनी." झालं माझ्या वाचण्याचं वाटोळं! वर पुन्हा त्यांचं बरोबर निघायचं, म्हणजे भांडायचीही सोय नाही.

पुस्तकातल्या खुनांनी समाधान होईनासं झालं की त्या गल्लीकडे वळत. दूधवाला पाणी कुठं घालतो, कोणाचं लग्न मोडलं आणि ते कोणी मोडलं, हे त्यांना पुराव्यानिशी माहीत असे. लग्न होऊन मी वर्ध्याहून आले, तेव्हा बाजाराच्या नावाखाली मॅटिनीला गेले होते ते त्यांनी नुसत्या माझ्या चपलांवरून ओळखलं. कसं ओळखलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. असल्या सासूच्या हाताखाली संसार करायचा म्हणजे काय, ते मलाच माहीत.

ही गोष्ट सत्तर-पंच्याहत्तरच्या मधल्या एका उन्हाळ्यातली. नागपुरात इतवारीच्या मागच्या अंगाला आमची गल्ली होती. आमच्या अगदी समोर रेल्वेतून रिटायर झालेले गार्डबाबा राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक पोरगी. ही पोरगी माझी मैत्रीण. कन्हानला पोस्टात नोकरी करायची, सकाळच्या बसनं जायची आणि ऊन उतरता उतरता परत यायची. तिनं आपल्या मनानं लग्न केलं होतं, भंडाऱ्याकडच्या एका पोराशी. त्याला ना आई ना बाप. इतवारीत भांड्यांच्या दुकानात नोकरी. गार्डबाबांनी लग्नाला हो म्हटलं ते एकाच अटीवर, पोरगी घर सोडून जाणार नाही. तेव्हा पोरगाच आला, एक ट्रंक घेऊन.

घरजावई! बस्स, तेच त्याचं नाव पडलं. गणपतीचा मांडव घालायचा असला की बल्ल्या रोवायला त्याला हाक मारत, पण पंगतीत त्याच्या शेजारी बसायची कोणाला घाई नसे. तोही मान खाली घालून जायचा-यायचा. दुकानाला सुटी असली की तेवढा बायकोला घ्यायला बसस्टँडवर जाई, आणि दोघं येताना तिची पिशवी त्याच्या खांद्याला असे. त्यावरही लोक हसत. मला त्या हसण्याचा भयंकर राग यायचा, कारण आमच्या घरच्या माणसानं माझी पिशवी जन्मात उचलली नव्हती.

बोलायचा तो फक्त सासऱ्याशी, आणि तेही भांडायला. उन्हाळ्यात भांडणाचं कारण ठरलेलं. कूलर. पत्र्याची ही एवढी मोठी पेटी, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या, अंगणात खिडकीला लावलेली. तिच्यात वरून बादलीनं पाणी ओतायचं. ते कोणी ओतायचं यावरून दोघांची रोज जुंपायची. ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तर जावई अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "एक दिवस या कूलरसंगं तुमालेही पाहून घेतो!" सासूबाई खिडकीशीच होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून नुसत्या भुवया उडवल्या.

दुसऱ्या दिवशी इतवारीतली दुकानं बंद, म्हणून जावई घरीच होता. माझी मैत्रीण सकाळच्या बसनं गेली, आमच्या घरचे बँकेत गेले. मी भाजी चिरत होते. गार्डबाबांकडे भांडी घासायला छत्तीसगडची एक बाई यायची. ती मागच्या दारानं आत गेली आणि पुढच्या दारानं किंचाळत बाहेर आली. "खून! दाई ओ, खून!" तिच्याकडं आईला दाई म्हणतात. एवढं ओरडून अशी पळाली, की दिवसभर पुन्हा तोंड दाखवलं नाही.

सासूबाई कणकेचे हात घेऊनच धावल्या. मी त्यांच्या मागं. अंगणाच्या दारात त्यांनी मला अडवलं. "आत पाय नको ठेवू वं, निशाण मिटतीन."

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. सगळं अंगण लाल. कूलर एका अंगानं कलंडलेला, स्टूल उलटं पडलेलं, बादली लोळत तिसरीकडे. गार्डबाबांचा चष्मा आणि त्यांची एकच चप्पल. घरात कोणी नाही. लाल ओघळ मागच्या दारापर्यंत गेलेले, दार सताड उघडं, आणि पलीकडच्या रस्त्यावर रिक्षा उभ्या राहतात तिथं ते ओघळ एकदम संपलेले.

"झटापट झाली," सासूबाई हळूच म्हणाल्या. "मंग मागच्या दारानं रिक्षात घालून नेलं. पुढच्या दारानं काहून नाही नेलं? कारण पुढं आपण असतो."

"आई, पोलिसांना बोलवा."

"लाश कुठं आहे? पोलीस पहिले लाश मागतीन. अन् पोरगी यायची आहे ना बाप्पा. तिच्या आधी पोलीस येऊन बसले, तर तिनं काय करावं?"

ते मला पटलं. पण काय सांगू, त्यांच्या डोळ्यांत त्या वेळी जी चमक होती ती पाहून मला त्यांचा संतापही आला. माणूस मेला आहे, समोरचा माणूस, ज्यानं परवाच आमच्याकडे निंबं पाठवली होती, आणि या बाई ओघळ मोजताहेत! मी घरी जाऊन भाजी तशीच झाकून ठेवली. कोणाच्या घशाखाली उतरणार होती?

भर दुपारी मागच्या रस्त्यावरचा पानठेलेवाला गल्लीत आला, घाबराघुबरा. जावई आत्ता त्याच्या ठेल्यावर येऊन गेला होता म्हणे. चेहरा पांढराफटक, हात थरथरत होते, सोडा प्यायला, आणि आपल्या तोंडानं सांगून गेला, की मी खून केलं. सासूबाई तशाच उठल्या आणि पुन्हा समोरच्या अंगणात गेल्या. न्हाणीतल्या बादलीत सकाळी नव्हता असा एक सदरा भिजत पडला होता. पाणी लाल.

मग काय! गल्लीतले पहिलवान, एके काळचे आखाडेवाले, त्यांनी घराघरातून माणसं गोळा केली. बारा गावचं पाणी प्यालेला असला तरी परत येईलच, म्हणाले, कपडे घ्यायला नाहीतर बायकोला घ्यायला. गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाखाली दहा-बारा जण काठ्या घेऊन बसले. तो आला तर त्याचं काय होईल हे कोणी बोलून दाखवलं नाही, आणि विचारायची गरजही नव्हती. आपली पोरं मी आत घेतली आणि दार लावून घेतलं.

ऊन उतरताना माझी मैत्रीण आली. एकटीच. पिशवी तिच्याच खांद्याला. लिंबाखालची माणसं पाहून ती थबकली. मी धावत जाऊन तिचा हात धरला आणि तिला आमच्या ओसरीत आणून बसवलं.

"आज हे आले नाही घ्याले," ती म्हणाली. "काय झालं वं? सगळे असे काहून पाहून राहिले?"

शेवटी सासूबाईंनीच सांगितलं. बाबा सापडत नाहीत, अंगणात रगत आहे, कूलर पडला आहे, सदरा बादलीत आहे, आणि पानठेलेवाल्यानं हे असं हे असं ऐकलं. सांगताना सकाळची चमक त्यांच्या डोळ्यांत नव्हती.

ती रडली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. तू मले खोटं नाही सांगणार. त्यानं माह्या बापाले मारलं?"

मी नाही म्हटलं. पण म्हणायच्या आधी मी थांबले, आणि ते थांबणं तिनं पाहिलं. तिचा चेहरा असा उतरला की मी अजून विसरले नाही. ती स्वतःशीच पुटपुटल्यासारखी म्हणाली, "काल मीच त्याले म्हणलं, बाबाशी काय ते एकदाचं निपटवून टाक. रोजची कटकट नको. मीच म्हणलं वं."

एका दुपारी बापही गेला आणि नवराही गेला, आणि तोंडून निघालेलं ते एक वाक्य तिला जन्मभर पुरणार होतं. मला वाटलं, देवा, हे कोणावर आणू नको.

सासूबाई उठल्या. "त्या पानठेलेवाल्याले आणा इथं," त्या म्हणाल्या. "हिच्यासमोर सांगू दे." तो आला तशा त्याला म्हणाल्या, "आपल्या मनचं काही घालू नको रे, शब्दाला शब्द सांग."

"काकू, दुपारपासून तेच तर सांगून राहिलो जी."

"मंग अजून एकदा सांग."

"तो आला. म्या इचारलं, काय झालं गा, असा काहून दिसून राहिला? तर म्हणे, चक्कर येऊन राहिली भाऊ, खून केलं ना. तितक्यात ट्रक आला, मी मागं सरलो, तो सोडा पिऊन चालला गेला."

"काय म्हणला? खून केला?"

"हाव, खून केलं म्हणे."

"केला, का केलं?"

"आता काकू, तेच ते..."

"तेच ते नाही!" सासूबाई अशा ओरडल्या की लिंबाखालची माणसं उभी राहिली. "केला म्हणला, का केलं म्हणला? डोळे मीट अन् आठव."

त्यानं खरंच डोळे मिटले. "केलं. लं आलं होतं जी शेवटी. पक्कं."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "खून केलं असं कोण म्हणते वं? खून तो असते. त्यानं खून केला. हे केलं कुठून आलं?"

बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्या नागपुरात हिंदी पार चुलीपर्यंत शिरलेली. आम्ही रक्तालाही खून म्हणतो. पण माणूस मारला तर तो खून, आणि बोट कापल्यावर निघतं ते खून. पोराचा गुडघा फुटला की "खून निघालं" म्हणतो, "निघाला" कधीच नाही. हे आम्हाला कोणी शाळेत शिकवलेलं नाही. पण अडाण्यातला अडाणीही त्यात चुकत नाही.

"म्हणजे तो रगताची गोष्ट करून राहिला होता," सासूबाई म्हणाल्या. "सकाळची ती बाईही तेच ओरडली. तिले रगत दिसलं, ती रगत म्हणून ओरडली. खून तर आपण केला बाप्पा, ऐकणाऱ्यांनी. पण रगत केलं, हे काय होते? खून निघते, खून सांडते. खून केलं..."

"दिलं," माझी मैत्रीण एकदम उभी राहिली. "काकू, दिलं! खून दिलं ना, असं म्हणला असंन तो. खून दिलं!"

सगळे पानठेलेवाल्याकडे पाहायला लागले. तो कान खाजवत म्हणाला, "दिलं... होऊ शकते जी. ट्रक होता ना."

त्याला तिथंच दोन ठेवून द्याव्यात असं मला वाटलं, पण वेळ नव्हता. मी चपला घातल्या. रक्त घेतात असा जवळचा दवाखाना एकच, मोठा सरकारी; तिथं जायला सासूबाईंनी रिक्षा आणवली. पहिलवान मात्र जागचे हलले नाहीत. "काकू, केला-केलं करून कोणी सुटत नसते," ते म्हणाले. "बाबा डोळ्यांनी दिसू द्या. तोवर आम्ही इथंच आहो."

"बसा," सासूबाई म्हणाल्या. "पण मी येण्याच्या आधी कोणाचा हात उठला, तर माह्याशी गाठ आहे."

रिक्षात तिघी बसलो, कोंबून. माझ्या मैत्रिणीनं माझा हात असा आवळला होता की बांगडी रुतत होती. सासूबाई मनातल्या मनात काहीतरी म्हणत होत्या, ओठ तेवढे हलत होते. दवाखान्याच्या पायऱ्या त्या गुडघ्यांचं दुखणं विसरून चढल्या.

आणि वॉर्डाच्या दारातूनच आवाज ऐकू आला. "हा चहा आहे का? गाडी धुतल्याचं पाणी आहे हे!"

गार्डबाबा! खिडकीजवळच्या खाटेवर, चष्म्याशिवाय, खांद्यापासून मनगटापर्यंत हात बांधलेला, आणि वॉर्डबॉयवर खेकसत होते. मी त्या माणसाला आयुष्यात इतक्या प्रेमानं कधी पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी खाटेचा दांडा धरला आणि "सुटलो बाप्पा, सुटलो" म्हणत तिथंच खाली बसल्या. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दिवसभर छातीवर ठेवलेला पाटा कोणीतरी उचलून घेतला होता.

झालं होतं ते असं. जावई उशिरापर्यंत झोपला, म्हणून बाबा हट्टानं स्वतःच स्टुलावर चढले पाणी ओतायला. स्टूल सरकलं, तोल गेला, कूलर धरायला गेले तर त्याच्या पत्र्यानं दंड उभा फाडला. रक्त थांबेना. जावयानं टॉवेल आवळून बांधला, सासऱ्याला खांद्यावर टाकलं आणि मागच्या रस्त्यावरून रिक्षा करून इथं आणलं. रक्त चढवावं लागलं. जावयाचं जुळलं. ते देऊन तो दुपारी मागच्या दारानं घरी आला, माखलेला सदरा भिजत टाकला आणि वाटेत सोडा पिऊन परत इथं आला. एवढंच. अंगणात एवढं लाल दिसलं ते कूलरचं पाणी त्यात मिसळलं म्हणून.

"या गधड्याचं खून भरलं माह्या अंगात," गार्डबाबा कुरकुरले. "आता मीही काय दहा वाजेपर्यंत घोरत पडू?" पण हे म्हणताना ते दाराबाहेरच्या व्हरांड्याकडे पाहत होते, आणि आवाजाला धार नव्हती.

जावई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला होता. कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा. माझी मैत्रीण बापाच्या कपाळाला हात लावून तशीच बाहेर गेली आणि फरशीवर त्याच्या समोर बसली. त्यानं डोळे उघडले.

"अरे, बस आली का? मी घ्याले येणारच होतो, जरासा डोळा लागला," तो म्हणाला. आणि मग ती जी रडायला लागली! तो गडबडून गेला. "काहून रडून राहिली वं? बाबा बरे आहेत. डाक्टरनं सांगतलं ना, बरे आहेत."

आम्ही निघताना ती मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाली, "त्याले कळू देऊ नका. मी असं मानलं, हे त्याले कधीच कळू देऊ नका." ती बापाजवळ थांबली. जावयाला जेवू घालून झोपवायचं म्हणून आम्ही आमच्याबरोबर घेतलं.

रिक्षा निघाल्यावर मला आठवलं. लिंबाखाली ते दहा-बारा जण काठ्या घेऊन बसलेले! मी सासूबाईंना कोपर मारलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे त्यांच्याही तेच मनात होतं. मधे बसलेला जावई पेंगत होता.

दिवेलागणीला गल्ली आली. रिक्षा दिसताच लिंबाखालची सगळी माणसं उठली. रिक्षा थांबायच्या आधीच सासूबाईंनी खाली उडी घेतली. त्या वयात! आणि हात वर करून ओरडल्या, "बाबा सुखरूप आहेत! जावयानं आपलं खून देऊन वाचवलं त्याईले!"

मग एकेक काठी लिंबामागं जायला लागली. पहिलवानांची काठी हातातच राहून गेली, तेव्हा ते तिच्यावर भार देऊन, पाय दुखत असल्यासारखे वाकून उभे राहिले.

जावई उतरला. एवढी माणसं पाहून गोंधळला. "तुमी सगळे इथं?" त्यानं विचारलं. "कवापासून?"

"दुपारपासून," पहिलवानांच्या तोंडून निघून गेलं.

"बाबासाठी?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. आणि तो पोरगा तिथं, भर गल्लीत, रडायला लागला. "मले माहीत नव्हतं जी," तो म्हणाला. "सकाळी बाबाचा हात पाहून सुचलंच नाही, कोणाचं दार ठोकू. वाटलं, आपल्यासाठी कोण येणार? मनून मागच्या दारानं चालला गेलो. तुमी सगळे असे वाट पाहत बसले असान, हे मले वाटलंच नाही."

मी सासूबाईंकडे पाहिलं. सकाळी अंगणाच्या दारात उभं राहून, पुढच्या दारानं काहून नाही नेलं, हे त्यांनीच मला विचारलं होतं. त्या पुढं झाल्या, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "हो ना बाबू, तुझीच वाट पाहून राहिले होते सगळे."

पहिलवानांनी आपली काठी मला धरायला दिली आणि दोन्ही हातांनी त्याला पोटाशी धरलं.